वाचकांचे प्रश्न : जर्मन साहेब, फ्रेंच साहेब

कळव्याला सीमेन्सचा कारखाना आहे, ऐरोलीत कॅपजेमिनीचं मोठं आवार आहे, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जर्मन-फ्रेंच मालकीच्या लहानमोठ्या कंपन्या आहेत. त्यामुळे वरच्या जागांसाठी मुलाखतीला गेलेल्या किंवा तिथे नव्याने रुजू झालेल्या वाचकांची पत्रं आमच्याकडे अधूनमधून येतच असतात. बहुतेकांची सुरुवात ‘युरोपियन कंपनीत…’ अशी असते. घोळ तिथेच सुरू होतो, कारण या दोन देशांत माणूस निवडायची आणि निर्णय घ्यायची रीत बरीच वेगळी आहे. यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या एका जर्मन कंपनीच्या भारतीय शाखेचा प्रमुख या जागेसाठी माझ्या तीन मुलाखती झाल्या. मी विस्ताराची योजना, नफ्या-तोट्याचं गणित, टीम कशी बांधणार, असं सगळं तयार करून गेलो होतो. त्यांनी सव्वा तास जुन्या प्लान्टमधल्या मालाच्या रिजेक्शनवरच घालवला. त्यानंतर पाच आठवडे काही कळवलं नाही आणि आता आधीच्या प्रत्येक कंपनीचं प्रमाणपत्र मागताहेत. नकार समजायचा का? (एक वाचक, ऐरोली)

नकार समजू नका. कागद मागितले म्हणजे फाइल पुढे सरकली आहे. ज्याला घ्यायचं नाही त्याच्याकडे जर्मन कंपनी सहसा प्रमाणपत्रं मागत बसत नाही.

आधी रिजेक्शनचं बघू. जर्मन उद्योगात वर चढलेला माणूस बहुतेक वेळा त्याच धंद्यातून, त्याच विषयातून आलेला असतो. फोक्सवागनचे प्रमुख ओलिव्हर ब्लूमे यंत्र अभियंता आहेत. 1994 मध्ये ते आउडीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले, पुढे डॉक्टरेट केली आणि त्याच समूहात पायरी पायरीने वर गेले. अशा माणसांच्या लेखी, साहेबाला विषय येत नसेल तर खालचे त्याचं ऐकणार कशाला? म्हणून शाखाप्रमुखालाही ते ग्राइंडिंगबद्दल विचारतात. तुमच्या बायोडेटात ‘रिजेक्शन 4 टक्क्यांवरून 1.5 टक्क्यांवर आणलं’ असं वाक्य असेल तर पुढचे प्रश्न ठरलेले असतात. टक्के कशाचे, नगांचे की रुपयांचे? रिवर्कला गेलेला माल त्यात धरला का? मोजणी फायनल इन्स्पेक्शनला केली की ग्राहकाकडून परत आलेल्या मालावर? किती महिन्यांचा आकडा? कूलंट बदलल्याने किती फरक पडला आणि फिक्श्चर बदलल्याने किती? यातल्या तीन प्रश्नांना ‘टीमने केलं, नक्की आठवत नाही’ असं उत्तर गेलं की बाकीच्या बायोडेटावरचाही विश्वास उडतो. ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट ओरिएंटेड’ वगैरे विशेषणं काढून टाका. त्यांच्या जागी दोनच कामं लिहा, पण मुळापासून सांगता येतील अशी.

बायोडेटा उलट क्रमाने, म्हणजे आत्ताची नोकरी आधी. प्रत्येक नोकरीला महिना आणि वर्ष दोन्ही हवीत. ‘2016 ते 2018’ असं लिहिलं तर मधे सहा महिने घरी होतात का, हा प्रश्न येणारच. खंड असला तर एका ओळीत कारण द्या, वडिलांचं आजारपण असो की कंपनी बंद पडणं असो. त्याचं त्यांना वावडं नाही, लपवल्याचं आहे.

आता प्रमाणपत्रं. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी कार्यप्रमाणपत्र मागायचा कायदेशीर हक्क आहे. ते खरं हवं, शिवाय त्याने माणसाच्या पुढच्या वाटेत काटे पेरता कामा नयेत. या दोन अटी एकत्र बसवताना तिथल्या एचआर मंडळींनी वाक्यांची एक उतरंडच तयार केली. ‘नेहमीच आमचं अगदी पुरेपूर समाधान होईल असं काम केलं’ म्हणजे अव्वल. ‘नेहमीच आमचं पूर्ण समाधान होईल असं’ म्हणजे चांगलं. त्यातलं ‘नेहमीच’ गळालं की मधला वर्ग. नुसतं ‘समाधान होईल असं’ असेल तर काठावर पास, आणि ‘प्रयत्न केले’ असेल तर नापास. आपल्याकडची दोन ओळींची रिलीव्हिंग लेटरं आणि ‘ही बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर’ छापाची पत्रं ही नजर घेऊन वाचली गेली तर ती फारच कोरडी वाटतात. जुन्या वरिष्ठांना गाठून लेटरहेडवर नवं पत्र घ्या. हुद्दा, तारखा, हाताखाली किती माणसं होती, कोणाला रिपोर्ट करत होता, कोणती जबाबदारी होती आणि काम कसं होतं हे सगळं त्यात यावं. सही एचआरबरोबर प्रत्यक्ष वरिष्ठाचीही असली तर उत्तम. कंपनी बंद झाली असेल तर नेमणूक पत्र, फॉर्म 16 आणि रिलीव्हिंग लेटर असा संच चालतो. सोबत दोन ओळींची खुलाशाची चिठ्ठी जोडा, की भारतात असं सविस्तर प्रमाणपत्र द्यायची सक्ती नाही.

पाच आठवड्यांच्या शांततेचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की आत चार जणांचं एकमत व्हायचं आहे. एकट्या साहेबाच्या मर्जीवर नेमणूक होत नाही, दुसरी सही लागते. ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. साहेबाला फोन करू नका, एचआरला एका वाक्याची मेल टाका : निर्णय कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे? तारीख मिळाली की ती बहुधा पाळतात.

पद मिळालंच तर होकाराआधी एक काम तुमचं. तुम्हाला संचालक करणार असतील तर कारखान्याचा ऑक्युपायर, म्हणजे कायद्याने कारखान्याला जबाबदार धरला जाणारा माणूस, म्हणून नाव कोणाचं लागणार, ते विचारा. कंपनीचा ऑक्युपायर संचालकांपैकीच एक असावा लागतो. बाकीचे संचालक जर्मनीत बसलेले असले की ते नाव आपोआप तुमच्याकडे येतं आणि अपघात झाला तर नोटीसही तुमच्याच नावाने येते. संचालकांच्या दायित्वाचा विमा आहे का आणि किती रकमेपर्यंत तुम्ही एकट्याने सही करू शकता, हे लेखी घ्या.

प्रश्न : एका फ्रेंच समूहात फायनान्स डायरेक्टरच्या जागेसाठी पॅरिसहून मुलाखत झाली. मी जे बोलेन त्याला मुलाखत घेणारा विरोध करत होता. शिवाय चौदा वर्षांच्या अनुभवापेक्षा शिक्षण कुठे झालं यातच त्याला जास्त रस होता. मी शेवटी गप्पच बसले. आता दुसरी फेरी आहे. काय करू? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

गप्प बसलात तेवढं चुकलं. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलू नये हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. फ्रेंच मुलाखतीत मात्र विरोध करणं ही बरेचदा विचारपूस असते. तुमचं म्हणणं ढकलून बघायचं, ते कोसळतं की उभं राहतं ते पाहायचं. तिथल्या शाळा-कॉलेजांत मुद्दा, प्रतिमुद्दा आणि मग निष्कर्ष अशी मांडणी वर्षानुवर्षं घोटून घेतात. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस तीच अपेक्षा समोरच्याकडून ठेवतो.

समजा त्याने विचारलं, ‘भारतातली वसुली 60 दिवसांवरून 90 वर गेली आहे. डीलरांची उधारी बंद करावी का?’ अमेरिकन कंपनीत ‘हो, आणि या तीन पायऱ्यांनी’ हे उत्तर खपतं. इथे आधी प्रश्न नीट मांडा : उशीर सगळ्याच डीलरांचा आहे की चार मोठ्यांचा? मग बंद करण्याच्या बाजूने एक भक्कम कारण, विरुद्ध एक भक्कम कारण. मग कसोटी कोणती लावणार ते, म्हणजे रोखीची चणचण मोठी की बाजारातला वाटा. शेवटी तुमचा कौल. दीड-दोन मिनिटांत हे बसतं. तो विरोध करेल, तेव्हा त्याचा मुद्दा खोडा किंवा ‘या अटीवर मान्य’ म्हणा. ‘यू आर राइट सर’ म्हणून लगेच माघार घेतलीत तर माणूस मताचा कच्चा, असा शिक्का बसतो. एवढं भान ठेवा, की हा वाद समोरासमोरचा आहे. चार लोकांदेखत बड्या साहेबाला तोंडघशी पाडणं तिथेही महागात पडतं.

शिक्षणाच्या प्रश्नामागे जुना इतिहास आहे. बारावीसारख्या परीक्षेनंतर दोन वर्षं तयारीचे वर्ग, मग देशव्यापी स्पर्धापरीक्षा आणि त्यातून ‘ग्रांद एकोल’ नावाच्या मोजक्या संस्थांत प्रवेश, असा तिथला राजमार्ग आहे. एकोल पॉलिटेक्निक 1794 ची, आशेसे ही व्यवस्थापनाची शाळा 1881 ची. सरकारी अधिकारी घडवणारी एना ही संस्था बंद करून तिच्या जागी 2022 पासून नवी संस्था आणली, पण मोठ्या कंपन्यांच्या शिखरावर याच शाळांची माणसं अजूनही भरपूर दिसतात. टोटलएनर्जीजचे पात्रिक पुयाने पॉलिटेक्निकचेच. विशीत पास केलेल्या परीक्षेला पन्नाशीतही इतकं वजन असावं हे आम्हाला पटत नाही, पण आपल्याकडे ‘आयआयटी का?’ विचारणारेही कमी नाहीत. तुमचं सीए हे त्यांच्या पठडीत बसवून सांगा : देशभर एकच परीक्षा, तुमच्या वर्षीचा निकाल किती टक्के लागला तो आकडा, आणि तीन वर्षांची आर्टिकलशिप. न सांगता त्यांना सीएचं वजन कळेलच असं नाही.

दुसऱ्या फेरीआधी विचारून घ्या की समोर कोण बसणार आहे. फ्रेंच कंपन्यांत तुमचा थेट वरिष्ठ ‘एन प्लस वन’ आणि त्याचा वरिष्ठ ‘एन प्लस टू’. दुसरी फेरी एन प्लस टूची असेल तर जागा जवळजवळ तुमच्या हातात आहे. तिथे तपशील कमी आणि दृष्टी जास्त तपासली जाते. पगार सांगतात तो वर्षाचा ‘ब्रूट’, म्हणजे कर आणि कपातीआधीचा. तेरावा महिना देत असतील तर मासिक आकडा काढताना 12 ने नाही, 13 ने भागा. नेमणूक भारतीय कंपनीत असेल तर अर्थात आपली सीटीसीची भाषा चालेल.

जाता जाता : फ्रान्समध्ये एके काळी हाताने लिहिलेला अर्ज मागवून अक्षरावरून स्वभाव ताडायची टूम होती. 1992 च्या कायद्यानंतर निवडीची पद्धत जागेशी संबंधित असावी आणि उमेदवाराला ती आधी सांगावी, असं बंधन आलं. त्यामुळे कुठली चाचणी घेणार हे बेलाशक विचारा.

प्रश्न : बायोडेटावर फोटो लावायचा का? (एक वाचक, कोपरखैरणे)

सक्ती दोन्हीकडे नाही. जर्मनीत 2006 च्या भेदभावविरोधी कायद्यानंतर कंपन्या फोटो मागत नाहीत, तरी तिथले बरेच उमेदवार सवयीने लावतात. तुम्ही नाही लावलात तर काही बिघडत नाही. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक मात्र आधी काढा.

प्रश्न : मी कंपनी सेक्रेटरी आहे. आमच्या जर्मन पालक कंपनीतल्या अध्यक्षांनी फोनवर होकार दिला आणि आठवड्याने ‘बोर्डाने नाकारलं’ असं कळवलं. आधीच्या फ्रेंच कंपनीत वरच्या माणसाने हो म्हटलं की विषय संपायचा. अध्यक्षालाच अधिकार नसेल तर विचारायचं कोणाला? (एक वाचक, नौपाडा)

हा स्वभावाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. तुम्ही सेक्रेटरी आहात म्हणून जरा खोलात जातो.

जर्मन एजी, म्हणजे शेअर भांडवलावरच्या, कंपनीत दोन मंडळं असतात. कारभार बघणारं ‘फोरश्टांड’ आणि त्यावर देखरेख करणारं ‘आउफझिश्ट्सराट’. एक माणूस दोन्हीकडे बसू शकत नाही. फोरश्टांडची नेमणूक देखरेख मंडळ करतं, एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी, आणि मुदतीआधी काढायचं तर सबळ कारण लागतं. कळीचा मुद्दा असा, की फोरश्टांड सामूहिक जबाबदारीवर चालतं आणि बहुमताविरुद्ध एका सदस्याने निर्णय घ्यावा अशी तरतूद करायलाही कायद्याची मनाई आहे. म्हणजे तुमचे अध्यक्ष ‘हो’ म्हणाले ते त्यांच्यापुरतं. शिवाय 2000 हून अधिक कामगार असलेल्या कंपनीत 1976 च्या कायद्याप्रमाणे देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना जातात. फोक्सवागनच्या 20 जागांपैकी 10 त्यांच्या आहेत. समसमान मतं पडली तर देखरेख मंडळाच्या अध्यक्षांना दुसरं मत असतं. फोरश्टांडवर मनुष्यबळाचा स्वतंत्र संचालकही असावाच लागतो. कारखाना हलवण्यासारखा निर्णय अशा घरात एका फोनवर होणं शक्य नाही.

फ्रान्समध्ये दोन मंडळांची सोय 1966 पासून आहे, पण बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच संचालक मंडळावर चालतात. पेदेजे म्हणजे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी एकच, ही तिथली खास चीज. 2001 पासून दोन पदं वेगळी ठेवता येतात आणि अनेकांनी ठेवलीही आहेत. पेदेजेच्या हातात मोठी सत्ता असते, आणि मंडळ त्याला केव्हाही काढू शकतं.

तुमच्या रोजच्या कामासाठी सहीच्या आधी काय लिहिलंय ते बघा, एवढं पुरे. जर्मन पत्राखाली ‘पेपेआ’ (ppa.) ही संक्षिप्त अक्षरं असतील तर सही करणाऱ्याकडे ‘प्रोकुरा’ आहे, म्हणजे व्यापार नोंदवहीत नोंदलेला व्यापक अधिकार. ‘आय. फाउ.’ (i. V.) असेल तर मर्यादित अधिकार, आणि ‘आय. आ.’ (i. A.) म्हणजे सांगितल्यावरून केलेली सही. प्रोकुरा अनेकदा जोडीनेच वापरायचा असतो. ठरावाला जोडायच्या कागदावर ‘आय. आ.’ दिसलं तर परत पाठवा.

प्रश्न : सीबीडी बेलापूरला आमचं इंजिनिअरिंग केंद्र आहे. तांत्रिक साहेब जर्मनीत, धंद्याचा साहेब पॅरिसला. एकाच बैठकीत जर्मन म्हणतो ‘ठरलं’, फ्रेंच म्हणतो ‘चर्चा झाली’. मध्ये आम्ही भरडले जातो. (एक वाचक, नेरूळ)

दोघांच्या बैठका वेगवेगळ्या कामासाठी असतात. जर्मनाच्या लेखी खरं काम बैठकीआधी होतं : कागद वाचायचे, शंका फोनवर फेडायच्या, आणि बैठकीत शिक्का मारायचा. तिथे अचानक नवा मुद्दा काढणं म्हणजे तयारी न करता येणं. फ्रेंचाच्या लेखी बैठक ही मतं घासून बघायची जागा, आणि निर्णय त्यानंतर वरचा माणूस घेतो. विषयपत्रिकेवर नसलेली चांगली कल्पना तिथे सुचली तर तो खूश होतो. त्यामुळे बैठक संपताना एकाच्या मते डिझाइन गोठलेलं असतं आणि दुसऱ्याच्या मते ते अजून उघडं असतं. महिन्याभराने पॅरिसहून बदल येतो तेव्हा जर्मन साहेबाला तो शब्द फिरवल्यासारखा वाटतो.

उपाय तुमच्याच हातात आहे, कारण इतिवृत्त बहुधा तुम्हीच लिहिता. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक शेरा टाका : माहितीसाठी, चर्चा चालू, निर्णय झाला. तिसऱ्या शेऱ्यापुढे निर्णय कोणाचा, हे नावानिशी आणि कोणत्या तारखेनंतर बदलाचा खर्च कोण सोसणार, हेही लिहा. ही शेवटची ओळ जर्मनाला सुखावते आणि फ्रेंचाला विचार करायला लावते. कागद जर्मन साहेबाकडे निदान तीन कामाचे दिवस आधी पाठवा. पॅरिसच्या साहेबाला त्याच कागदांवर बैठकीआधी पंधरा मिनिटं फोन करा, म्हणजे त्याचे आक्षेप तिथेच बाहेर पडतात. तो आक्षेप फोनवर मोकळेपणाने सांगतो, मेलवर आवरतं घेतो. जर्मन साहेब तुमच्या ड्रॉइंगवर ‘हे चूक आहे’ एवढंच लिहून परत पाठवेल. त्यात राग शोधू नका, चूक दुरुस्त करून धाडा.

वेळेचं एक. पॅरिस आणि जर्मनीचं घड्याळ एकच आहे. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे 9 म्हणजे आपले दुपारचे 12.30, हिवाळ्यात 1.30. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो आणि त्या सोमवारी हमखास कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा बैठकीत येतं.

या वादाला सरसकट ‘संस्कृती’ म्हणण्याआधी हत्यारं तपासा. एअरबसच्या ए 380 विमानाला 2006 मध्ये मोठा उशीर झाला, कारण हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथले गट एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते आणि वायरिंगचे जुडगे जागेवर बसवताना आखूड पडले. त्यामागे दोन देशांची ओढाताण होतीच, तेव्हा एअरबसच्या मूळ समूहाला प्रमुखही दोन होते, एक जर्मन आणि एक फ्रेंच. 2007 मध्ये ते एकावर आणले. पण ताबडतोबीचं कारण फाइलच्या आवृत्तीत होतं. तुमच्याकडेही आधी ड्रॉइंगची रिव्हिजन जुळते का, ते बघा.

प्रश्न : कंपनी मला दोन वर्षांसाठी जर्मनीत श्टुटगार्टला पाठवते आहे. दुसरीकडून फ्रान्समधल्या ल्यों इथल्या कंपनीची थेट ऑफर आहे. इथे 90 दिवसांची नोटीस आहे. काय तपासू? (एक वाचक, वाशी)

थेट ऑफर आधी बघा, कारण धोका तिथे जास्त. फ्रान्समध्ये ‘काद्र’ म्हणजे व्यवस्थापकीय वर्गाचा परीक्षाकाळ 4 महिने असतो. क्षेत्राच्या करारात आणि तुमच्या करारात तशी तरतूद असेल तरच तो एकदा वाढवून एकूण 8 पर्यंत जातो. ‘वाढ करता येईल’ ही ओळ करारात आहे का, ते बघा. कराराची भाषा फ्रेंच असणार. परदेशी कर्मचाऱ्याला आपल्या भाषेतला अनुवाद मागता येतो, तो मागाच. कामाचा हिशोब तासांऐवजी दिवसांत लिहिला असेल तर कायद्याची मर्यादा वर्षाला 218 दिवस आहे.

जर्मनीत थेट नोकरी घेतलीत तर परीक्षाकाळ जास्तीत जास्त 6 महिने, आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोघांनाही बाजूला होता येतं. नोकरीचं खरं कायदेशीर संरक्षण सहा महिन्यांनंतर लागू होतं. कंपनीत 20 हून अधिक कर्मचारी आणि कामगार परिषद असेल तर भरतीला तिची संमती लागते आणि तिला उत्तरासाठी एक आठवडा असतो. सर्वांत वरच्या व्यवस्थापकांना हे लागू नाही, त्यांच्याबाबत परिषदेला फक्त कळवायचं असतं. तुमची जागा कुठल्या गटात, ते एचआरला विचारा. सही झालेला करार आणि व्हिसा हातात पडेपर्यंत वाशीचा राजीनामा टाकू नका. 90 दिवसांची नोटीस आहे असं आधीच सांगितलं तर चालतं, तिकडे वरच्या जागांना तीन महिने वाट पाहायची सवय असते.

कंपनीतर्फे श्टुटगार्टला जात असाल तर नोकरी भारतातलीच राहते. भारताचा सामाजिक सुरक्षा करार जर्मनीशी आहे आणि फ्रान्सशीही. निघण्याआधी कंपनीमार्फत ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ काढून घ्या, म्हणजे पीएफ इथे चालू राहतो आणि तिकडची पेन्शन कपात टळते. हा कागद पोहोचल्यावर काढू म्हणून राहून जातो आणि पहिल्याच पगारात दुहेरी कपात दिसते. परतल्यावर कुठलं पद मिळणार, हेही बदलीच्या पत्रात लिहून घ्या.